"सारखा अंक काटा" ही ट्रिक कृपया मुलांना शिकवू नका

इंदूरच्या आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तीन दिवसांपासून एक मेसेज फिरतोय, अपूर्णांकांची जादूची ट्रिक म्हणून, आणि काल पाचवीतली पुतणी तीच वहीत वापरून बसली होती म्हणून लिहितेय.

पहिला दावा असा की वर-खाली सारखा अंक दिसला की काटा, १६/६४ मधला ६ उडवला की १/४. उत्तर बरोबर, पण योगायोगाने. १९/९५, २६/६५ आणि ४९/९८ मध्येही जमतं, पण शून्यवाले सोडले तर १ पेक्षा लहान दोन-अंकी अपूर्णांकांत असे चारच आहेत. १३/३९ घ्या, ३ उडवला तर १/९ येतं, आणि तेरा त्रिक एकोणचाळीस म्हणजे खरं उत्तर १/३. शून्यामुळे घोळ होतो, ३०/५० मधली शून्यं आपण उडवतोच ना, पण तिथे दोघांना १० ने भाग जातो म्हणून ते चालतं.

आणि खाली "प्राचीन भारतीय गणित" लिहिलंय त्याचं जास्त वाईट वाटलं. भास्कराचार्यांनी ११५० च्या लीलावतीत सरळ सांगितलंय, अंशांच्या गुणाकाराला छेदांच्या गुणाकाराने भागा (पुतणीच्या हिंदी शाळेत छेदाला हर म्हणतात, घरी दोन्ही शब्द चालतात).

दुसरा दावा, गुणाकाराने संख्या वाढतेच, म्हणून ३/४ × २/३ चं उत्तर १/२ असूच शकत नाही. मी तिला ओट्याशी उभं केलं, पाऊण किलो पोहे पाव-पाव किलोच्या तीन वाडग्यांत ओतले आणि म्हटलं, ह्याचे दोन तृतीयांश दे. तिने तीनातले दोन वाडगे सरकवले. किती झाले? "अर्धा किलो, काकू." मग वहीत वरचा ३ आणि खालचा ३ तिने स्वतःच काटला, कारण तीन वाडगे होते आणि तीनातलेच दोन घ्यायचे होते.

बेरजेतही असंच काटा म्हणतात ते तर साफ चूक. ३/४ + २/३ मध्ये ३ काटले की १/४ + २ म्हणजे सव्वादोन, अहो दोन्ही एकाहून लहान असताना बेरीज दोनाच्या वर जाईल कशी? खरं उत्तर १७/१२.

राहिलं "आधी काटलं की मार्क जातात, शेवटीच सोपं करा". १५/२८ × १४/२५ मध्ये आधी ५ ने आणि १४ ने भाग दिला की लगेच ३/१०, नाहीतर २१०/७०० करून मग भागत बसा, येणार तेही ३/१० च.