मदतनीस म्हणून जा, शिकवणारी बाई म्हणून नको

गेल्या वर्षी टांझानियाला जाऊन आल्यापासून इनबॉक्समध्ये महिन्यातून एक-दोनदा तरी हा मेसेज येतोच. "ताई, मलाही परदेशातल्या एखाद्या खेड्यात बालवाडीच्या मुलांना शिकवायचंय. सहा आठवडे सुट्टी मिळतेय. कसं जायचं?"

कसं जायचं ते दोन ओळींत सांगते. टूरिस्ट व्हिसावर तिथे हे काम चालत नाही, परवाना वेगळा काढावा लागतो. आणि संस्था जी फी घेते त्यातले शाळेला किती जातात हे आधी लेखी विचारा. मी विचारलं नव्हतं. तिकीट आणि फी मिळून दोन लाखांच्या वर गेले, आणि त्यातली दमडीही वर्गाच्या मॅडमपर्यंत पोचली नव्हती. हे तिच्याच तोंडून कळलं तेव्हा कुठे बघावं ते मला कळेना.

माझा खरा आक्षेप वेगळाच आहे.

नाशिकला बारा वर्षं बालवाडीत काढलीत, तेव्हा मी जरा तोऱ्यातच गेले होते. किलिमांजारोच्या उतारावरचं गाव. मोशी शहरातून डालाडालात, म्हणजे तिथल्या काळीपिवळीत, कोंबून घेऊन जायचं. दोन्ही बाजूंना केळी आणि केळीच्या सावलीत कॉफी. एक खोली, पन्नासच्या वर पोरं, एक मॅडम. पहिल्याच दिवशी तिने खडू माझ्या हातात दिला आणि स्वतः मागे जाऊन बसली. माझं स्वाहिली तेव्हा 'जांबो' आणि 'असांते' इथेच संपत होतं. पण मी विमानातून आलेली ना!

मी लाल रुमाल वर धरला. "रेड!" सगळा वर्ग ओरडला. मी खूश. तर मी दुसरा रुमाल उचलायच्या आतच "येलो! ब्लू! ग्रीन!" म्हणून मोकळे. मग मी मुद्दाम निळा वर धरला. "रेड!" पोरं रंग ओळखतच नव्हती, पाढा म्हणत होती. गंमत म्हणजे रंगाला स्वाहिलीत 'रांगी' म्हणतात, जवळजवळ आपलाच शब्द.

नंतर मॅडमने लोखंडी कपाट उघडून दाखवलं. आत एबीसीडीचे पाच तक्ते, माझ्याआधी येऊन गेलेल्या पाच पाहुण्यांच्या पाच वेगवेगळ्या हस्ताक्षरांत. पाचही जणींचा ए फॉर ॲपल. बाहेर नजर जाईल तिथे केळी! दोन तक्ते तर 'एम'पाशीच संपले होते, बहुधा त्यांचे आठवडे तिथे संपले असावेत. नवी पाहुणी आली की गाडी पुन्हा ए-वर.

मला शहाणपण आलं ते एका फजितीमुळे. शनिवारी पालकसभा होती, "साआ नाने". नाने म्हणजे आठ, एवढं मी शिकले होते. सकाळी आठला हजर. शाळेत चिटपाखरू नाही. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात, त्यामुळे त्यांचे आठ म्हणजे दुपारचे दोन. (आपली आजी घटका मोजायची तशाच, पण हे मला आधी कोणी सांगायला हवं होतं.) तेवढ्यात पेज शिजवणाऱ्या मावशी आल्या. त्यांना सगळे 'मामा' म्हणतात, म्हणजे आई. मी त्यांच्यासोबत बसून मक्याचे दाणे काढू लागले. अंगठ्याने एक ओळ मोकळी केली की बाकीची कशी सुटतात ते मला येत होतं. त्या हसल्या. मग दाण्यांवरून आकडे, कणसावरून कोंबडी, कोंबडीवरून शेजारणीची भांडणं. दुपारपर्यंत मी जे स्वाहिली शिकले ते आधीच्या दोन आठवड्यांत शिकले नव्हते.

सोमवारी मी खडू मॅडमला परत दिला. आमच्या अंगणवाडीत सेविका असते आणि मदतनीस असते. मी मदतनीस झाले. नाकं पुसायची, हात धुवायला लावायचे, 'उजी' म्हणजे मक्याची पातळ पेज कपात वाढायची, जी चार-पाच पोरं घाबरून कोपऱ्यात बसतात त्यांना घेऊन बाहेर बिया मोजायच्या. मॅडमने त्या दिवशी ससा आणि तरसाची गोष्ट सांगितली. तरसाचा आवाज काढला तेव्हा पन्नासातलं एकही पोर जागचं हललं नाही. इतकी मुरलेली बाई, आणि पाहुणी आली की तिला मागच्या बाकावर बसावं लागायचं.

"पण मुलांचं इंग्रजी सुधारेल ना?" हा प्रश्न येणारच. टांझानियात सरकारी प्राथमिक शाळा स्वाहिलीत होते आणि माध्यमिकला एकदम इंग्रजी येतं. पालकांची धास्ती खरी आहे, त्या धास्तीला मी हसणार नाही. आपण सेमी इंग्लिशसाठी रांगा लावणारी माणसं. पण चार वर्षांच्या मुलाला ज्या भाषेत शू आलीय हे सांगता येतं, त्याच भाषेतली बाई त्याला हवी. आणि ती दिवाळीनंतरही तिथेच असायला हवी.

पालघरमधल्या बोर्डीला आदिवासी मुलं शाळेत येईनात, तेव्हा बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी बालवाडीच त्यांच्या पाड्यावर, अंगणात नेली. अनुताई वाघ १९४५ साली त्या कामात गेल्या आणि १९९२ मध्ये जाईपर्यंत त्यातून बाहेर पडल्या नाहीत. सत्तेचाळीस वर्षं! आपले सहा आठवडे त्यापुढे ठेवून बघा. जाऊ नका असं मी म्हणत नाहीये. मी स्वतः गेले, आणि पुन्हा संधी आली तर जाईन. फक्त खडू हातात दिला तर घेऊ नका. आणि एबीसीडीचा सहावा तक्ता तर अजिबात नको.

मॅडम अजून व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज पाठवते. परवा पाठवलेल्या फोटोत पोरं मका आणि राजमा वेगवेगळा निवडत होती, आणि एकाने एक दाणा नाकात घालून बघितलाच होता. तिचा प्रत्येक मेसेज "दादा!" अशा हाकेने सुरू होतो. स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण. नवरा अजूनही दर वेळी पेपरातून डोकं वर काढून विचारतो, "कोणाचा फोन? कोण दादा?"