‘हातात किती?’ एवढ्यावर नोकरी धरू नका

पुण्याजवळ चाकण-भोसरीच्या कारखान्यांत पोरगं कामाला लागलं की गावाकडून पहिला प्रश्न येतो, ‘हातात किती पडतात?’ माझं स्पष्ट मत आहे, या एका प्रश्नाने पोरांचं फार नुकसान होतंय.

ठेकेदाराला तेच हवं असतं. ‘अठरा हजार हातात, पीएफ-बीएफची भानगड नाही.’ लातूरहून आयटीआय करून आलेला माझा भाचा यावर खूश होता. मेदनकरवाडीत कॉट बेसिसवर खोली, मेस, घरी पाठवायचे पैसे, सगळं त्यातच. मी पगाराची स्लिप मागितली तर म्हणाला, ‘मामा, स्लिप नसते. सुपरवायझर व्हॉट्सअ‍ॅपवर हजेरी टाकतो.’

ती हजेरी आम्ही दोघांनी बसून पाहिली. रोज बारा तास, आणि वरच्या चार तासांचा दर साधाच! म्हणजे आठ तासांचे धरले तर महिन्याचे १२,००० च. कायद्याने ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यावा लागतो. त्या हिशोबाने २४,००० व्हायला हवेत. दर महिन्याला सहा हजार जातात, आणि पोरगं खूश!

पीएफ कापला नाही म्हणजे पैसे वाचले, असं पोरांना वाटतं. अरे, तुझे १२ टक्के तसे मालकाचेही १२ टक्के असतात, ते बुडाले ना! ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचंही तेच. अठरा हजारांवर कामगाराचे फक्त १३५ रुपये कापले जातात, आणि त्यात बायका-पोरांचंही आजारपण निघतं. बोट मशीनमध्ये गेलं तर सुट्टीतल्या दिवसांचे पैसे मिळतात.

याच पुण्यात मार्केटयार्डातल्या हमालाचा मालक रोज वेगळा. तरी १९६९ च्या माथाडी कायद्यामुळे आणि बाबा आढावांच्या हमाल पंचायत या संघटनेच्या रेट्यामुळे त्याची मजुरी माथाडी मंडळात जमा होते, वर मालकांनी भरलेल्या लेव्हीतून पीएफ, ग्रॅच्युइटी मिळते. पाठीवर पोतं वाहणाऱ्याला जे मिळवता आलं, ते एकाच गेटमधून रोज आत जाणाऱ्या फिटरला का मिळू नये?

पोरांनो, यूएएन, म्हणजे तुमचा पीएफचा नंबर मागून घ्या, सरकारच्या उमंग अ‍ॅपवर पासबुक बघा. पंचिंगच्या वेळा स्वतःच्या वहीत लिहून ठेवा.

आणि कंपन्यांत मोठ्या जागेवर बसलेल्या माझ्या मित्रांनो, ‘तो ठेकेदाराचा माणूस आहे’ म्हणून हात झटकू नका. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी कायद्याने कंपनीवरच येते. पुढचं बिल पास करण्याआधी पीएफ-ईएसआय भरल्याचं चलन नावांच्या यादीसकट मागवा, आणि तुमच्या लाइनवर उभी असलेली पोरं त्या यादीत आहेत का, ते एकेक नाव घेऊन तपासा.