पॅप नॉर्मल, म्हणून गाठ नाही?

कोल्हापुरातल्या महिला मंडळांच्या आणि भिशीच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरतो आहे: पॅप तपासणी नॉर्मल आली की गर्भाशयमुखावर गाठ नसतेच, तरी दिसली तर ती कर्करोगाचीच, आणि तिचा तुकडा काढल्यास रोग पसरतो, म्हणून थेट पिशवी काढून टाकावी. पॅथॉलॉजीच्या टेबलावर बसून हे वाचताना पहिल्या वाक्यालाच अडखळायला होते.

पॅपमध्ये गर्भाशयमुखाच्या अस्तरावरच्या पेशी खरवडून घेतात. फायब्रॉइड, म्हणजे स्नायूची साधी गाठ, वाढतो अस्तराखालच्या स्नायूत आणि त्यावरचे अस्तर बहुधा निरोगीच असते, त्यामुळे अहवाल निर्दोष येतो आणि गाठ जागेवरच राहते. यात पॅपचा दोष नाही. कर्करोगाआधीचे पेशींमधले बदल हेरणे हे तिचे काम.

गाठ म्हणजे कर्करोग, हेही खरे नाही. बहुतेक वेळा ते साधे पॉलिप (अस्तरातून लोंबणारा मऊ कोंब) किंवा नाबोथियन सिस्ट (तोंड बंद झालेल्या ग्रंथीत साचलेल्या चिकट स्रावाची पुळी) असतात. गर्भाशयमुखाचा फायब्रॉइड मात्र दुर्मीळ, शंभर फायब्रॉइडमध्ये जेमतेम एक-दोन. रक्तवाहिन्यांची किंवा मज्जातंतूच्या आवरणाची गाठ त्याहूनही विरळ. मोठा फायब्रॉइड मूत्राशयावर दाब आणतो, तेव्हा लघवी तुंबलेली रुग्ण आधी भलत्याच दवाखान्यात पोहोचते. कधी गाठ मुखाची नसतेच: गर्भाशयातला फायब्रॉइड देठासकट खाली उतरून मुखातून डोकावतो. अशा वेळी तपासणाऱ्या डॉक्टरांचे बोट देठाभोवती फिरते आणि मुखाची कड चहूबाजूंनी लागते. सोनोग्राफी आणि गरज पडल्यास एमआरआय गाठीचा उगम दाखवतात, पण तिचे नाव ठरते ते सूक्ष्मदर्शकाखालीच.

तुकड्याने रोग पसरतो, या भीतीला आधार नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे निदान जगभर तुकडा तपासूनच होते. रक्तवाहिन्यांच्या गाठीतून रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून तिथे डॉक्टर जपून हात घालतात, इतकेच. उलट निदानाआधीच पिशवी काढली आणि आत कर्करोग निघाला, तर साधी शस्त्रक्रिया अपुरी ठरू शकते. आणि निघाला फायब्रॉइड, तर नुसती गाठ काढून भागले असते.

निष्काळजीपणा दुसऱ्या बाजूनेही होतो. ग्रंथींचा एक विरळ कर्करोग इतका साळसूद दिसतो की वरवरच्या तुकड्यात तो निसटतो. तिथे खोलवरचा तुकडा लागतो. याउलट, गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांमध्ये ग्रंथींची दाटी होऊन निरुपद्रवी बदलही कर्करोगासारखा भासतो.

राजारामपुरीतल्या एखाद्या दवाखान्यातून नातेवाईक बरणी घेऊन येतात, तेव्हा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये आहे की नुसत्या सलाइनमध्ये, हे आधी पाहावे लागते, कारण सलाइनमध्ये तो कुजू लागतो. मग सोबतचा फॉर्म: वय लिहिलेले, पाळीची तारीख लिहिलेली, आणि ‘चालू औषधे’ हा रकाना कोरा. तेव्हा त्या नातेवाइकालाच विचारावे लागते, ताई कुठल्या गोळ्या घेतात का?