सगळा जपान ब्रह्मचारी?

‘जपानी तरुणांना जोडीदारच नको’ असं सांगणारा एक लेख वाचला. त्यात लेखकाने ६१ टक्के पुरुष आणि ४९ टक्के स्त्रियांना कुणी जोडीदार नाही, हा आकडा दिलाय. आकडा खरा, पण २०१० च्या सरकारी पाहणीतला, आणि तोही फक्त १८ ते ३४ वयाच्या अविवाहितांचा. ज्यांचं जमलं आणि लग्न झालं, ते आधीच वगळलेले! त्याच पाहणीत साधारण ८६ टक्के अविवाहित पुरुष आणि ८९ टक्के स्त्रियांनी कधीतरी लग्न करायचंय असं सांगितलं होतं. ते कोण छापणार?

२०१३ मध्ये ब्रिटिश माध्यमांनी हे प्रकरण उचललं, तेव्हापासून शिळ्या कढीला ऊत चालू आहे. बीबीसीने तर निन्टेन्डोच्या यंत्रावर खेळायच्या गेममधल्या ‘मैत्रिणीं’वर जीव जडलेले दोन पुरुष दाखवले. झालं, अख्खा देश तसाच!

जन्मदर घसरलाय हे कबूल. २०२३ मध्ये जपानचा दर बाईमागे सरासरी १.२० मुलं, पण दक्षिण कोरियाचा ०.७२. कोरियाबद्दल लिहिताना बहुतेक वेळा घरांच्या किमती, शिकवण्यांचा खर्च येतो. जपान म्हटलं की थेट बेडरूममध्ये डोकावायचं. कंत्राटी नोकरीतल्या जपानी पुरुषांची लग्नं कायम नोकरीवाल्यांपेक्षा कितीतरी कमी होतात, यावर लेखात एक ओळ नाही.