प्रत्येक फ्रेमवर कीफ्रेम टाकू नका, प्लीज

"व्हिडिओ एडिटिंगमधले टायमिंगचे सगळे प्रॉब्लेम चार सेटिंगमध्ये कायमचे बंद" अशी एक पोस्ट सध्या जिकडेतिकडे फिरतेय. त्यातले चार उपाय असे: प्रोजेक्ट कायम 60 एफपीएसवर (सेकंदाला 60 फ्रेम, म्हणजे चित्रं) ठेवा, आवाज मागेपुढे झाला तर ऑडिओचा स्पीड 99.9 टक्के करा, ॲनिमेशन भरकटलं तर प्रत्येक फ्रेमवर कीफ्रेम (अमुक क्षणी अमुक जागा किंवा आकार, अशी खूण) टाका, आणि एक्स्पोर्टमध्ये कीफ्रेम डिस्टन्स 1 करा. माझ्या भाचीने हे सगळं इमानदारीत केलं आणि आता तिच्या टाइमलाइनवर कीफ्रेमची अशी रांग लागलीय की साधं टायटल जरा सरकवायचं तरी कुठे हात लावायचा कळत नाही. म्हणून हे लिहितेय.

कीफ्रेमचंच आधी घेते कारण सगळ्यात घातक सल्ला तोच आहे. अरे, दोन ठिकाणी व्हॅल्यू द्यायची आणि मधलं सॉफ्टवेअरने भरायचं, यासाठीच तर कीफ्रेम असतात! प्रत्येक फ्रेमवर टाकलेत की ईझ (हळू सुरू होऊन हळू थांबणं) गेला, कर्व्ह (वेग बदलण्याचा आलेख) गेला, आणि उद्या कुणी म्हणालं "अर्धा सेकंद उशिरा थांबव" की सगळं परत पहिल्यापासून. वर मूळ दुखणं तसंच. नेहमीची तक्रार काय असते, लोगो आत येतो, थांबतो, बाहेर जातो, आणि थांबायच्या दोन्ही कीफ्रेमवर पोझिशन तंतोतंत सारखी असूनही मध्ये तो हळूच पुढे सरकून परत येतो. आफ्टर इफेक्ट्स या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये पोझिशनचा मार्ग डिफॉल्टने ऑटो बेझियर असतो, म्हणजे सॉफ्टवेअर मार्गाला गोलाई देतं आणि त्या गोलाईतच लोगो भरकटतो. त्या कीफ्रेम सिलेक्ट करून स्पेशियल इंटरपोलेशन (मधला मार्ग भरायची पद्धत) लिनिअर, म्हणजे सरळ रेषेत, करा, झालं. वेळेचा ईझ वेगळा असतो, तो तसाच राहतो. प्रेफरन्सेसमध्ये हे कायमचं लिनिअर करायचा ऑप्शनसुद्धा आहे. प्रीमियर या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये पोझिशनच्या कीफ्रेमवर राइट क्लिक केलं की हेच सापडतं.

ॲनिमेशन बिघडण्याचं दुसरं कारण याहून साधं. प्रीमियरमध्ये कीफ्रेम क्लिपच्या आतल्या वेळेला चिकटलेल्या असतात. क्लिप सुरुवातीने कापली की पहिली कीफ्रेम कापलेल्या भागात लपते आणि ॲनिमेशन अर्ध्यातूनच सुरू होतं. त्यामुळे आधी कट पक्का करा, मग ॲनिमेशन.

आता तो 99.9 टक्के. यात थोडं तथ्य आहे, ते मान्य करावंच लागेल. 29.97 हा फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम) म्हणजे खरं तर 30000 भागिले 1001, म्हणजे 30 पेक्षा 0.1 टक्का कमी, तासाला 3.6 सेकंदांचा फरक. 30 चं फुटेज 29.97 वर चालवलं गेलं असेल तर हा आकडा जुळतो, पण उलटं झालं असेल तर 100.1 लागेल, आणि हे त्या पोस्टमध्ये कुठेच नाही! खरं म्हणजे ऑडिओ ताणण्यापेक्षा फुटेज कुठल्या फ्रेम रेटचं आहे ते सॉफ्टवेअरला बरोबर सांगावं (याला इंटरप्रिट करणं म्हणतात). फरक पहिल्या मिनिटाला आणि शेवटी सारखाच असेल तर नुसता ऑडिओ सरकवा.

पण बहुतेकांचा घोळ असतो मोबाइलच्या नाहीतर स्क्रीन रेकॉर्डिंगच्या फाइलमध्ये. त्यांचा फ्रेम रेट बऱ्याचदा व्हेरिएबल, म्हणजे कमीजास्त होणारा, असतो, मग आवाज कुठे जास्त सरकतो, कुठे कमी, आणि एकसारखं ताणून फक्त शेवट जुळतो, मधलं तसंच राहतं. "पण फाइलवर 30 लिहिलंय" यावर जाऊ नका. एफएफएमपेग या व्हिडिओ वाचणाऱ्या-बदलणाऱ्या टूलच्या स्वतःच्या हेडर फाइलमध्ये (त्याच्या कोडच्या एका फाइलमध्ये), स्ट्रीमच्या मूळ फ्रेम रेटच्या आकड्यापाशीच टीप आहे की हा फक्त अंदाज आहे. ते टूल बनवणारेच असं लिहितात तर आपण कशावर पैज लावायची? मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या ॲपमध्ये फ्रेम रेट मोड बघा, व्हेरिएबल दिसलं तर हँडब्रेक या कन्व्हर्टरमधून कॉन्स्टंट (एकसारखा) फ्रेम रेट करून घ्या आणि मगच टाइमलाइनवर आणा.

60 एफपीएसचं काय, 30 च्या फुटेजची प्रत्येक फ्रेम दोनदा दिसते, मिळत काहीच नाही. 24 च्या फ्रेम दोनदा-तीनदा अशा आलटून पालटून येतात आणि पॅन (कॅमेरा आडवा फिरवलेला शॉट) अडखळतो. जे शूट केलंय त्याच रेटचं प्रोजेक्ट ठेवा.

आणि एक्स्पोर्टमधल्या कीफ्रेम डिस्टन्सचा तुमच्या ॲनिमेशनशी काडीचाही संबंध नाही, ती कॉम्प्रेशनची (फाइल लहान करायची) सेटिंग आहे: किती फ्रेमनंतर एक पूर्ण चित्र साठवायचं. 1 केलं की प्रत्येक फ्रेम पूर्ण चित्र म्हणून साठवली जाते, मग फाइल फुगते, किंवा बिटरेट (सेकंदाला किती डेटा) तोच ठेवला तर क्वालिटी पडते. फाइल पुढे कुणाला एडिटला द्यायची असेल तर सरळ प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर या एडिटिंगसाठीच्या फॉरमॅटमध्ये काढा, अपलोडसाठी ही सेटिंग ऑटोवरच राहू दे.