पार्टनर व्हायचंय? मग एवढं ऐक

भावा, मोंढ्यात हमाली करायची लाज वाटते ना, मग हप्त्यावर गाडी काढ, ये संभाजीनगरला अन् डिलिव्हरीवाला, सॉरी, पार्टनर हो. गाडी तुझी, पेट्रोल तुझं, पंक्चर तुझं, मे महिन्यात बीड बायपासचं ऊन तुझं, एका ऑर्डरचे किती द्यायचे हे ठरवायचा त्रास तेवढा कंपनी घेते.

हमालाचं बघ काय झालं. १९६९ ला माथाडी कायदा आला, व्यापाऱ्यानं मजुरीच्या वरून लेव्ही भरायची, ती माथाडी मंडळात जमा, त्यातून पीएफ बीएफ. पण नाव काय, तर हमाल! पार्टनर म्हणतंय का कुणी त्याला?

सरकार तुझ्यासाठी झोपलंय असंही म्हणू नको. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० ला केली, २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू केली, दहा मिनिटांत पोचायची घाई तुला असते, त्यांना नसते. (राजस्थाननं २०२३ लाच स्वतःचा कायदा केला, उतावळी माणसं.) संहितेत तुझं नाव आलंय बरं का, गिग कामगार, म्हणजे नेहमीच्या मालक-नोकर नात्याच्या बाहेर राहून कमावणारा. मालकच नाही म्हणल्यावर किमान वेतन मागतो कुणाला?

आता पैसे. कंपनीनं वर्षाच्या उलाढालीचे १ ते २ टक्के तुमच्या सामाजिक सुरक्षेच्या फंडात टाकायचे, पण तुम्हा लोकांना दिलेल्या पैशाच्या ५ टक्क्यांच्या वर नाही. हिशोब कर की, लिफ्ट बंद, तिसरा मजला, बिर्याणीची पिशवी दातात न् दुसऱ्या हातात मोबाईल, एवढं करून समजा ३० रुपये मिळाले तर त्यावर जास्तीत जास्त दीड रुपया, तोही तुझ्या हातात नाही, फंडात. दीड रुपयात एक चॉकलेट येतं, वरचे पन्नास पैसे दुकानदार देत नाही.

सरकारच्या ई-श्रम पोर्टलवर नोंदणी मात्र करून ठेव. आधार लागतं, ओटीपी येतो, तेवढ्यात ऑर्डर वाजते, ओटीपी जातो. परत कर. ऑर्डर सोडू नको, आयडी बंद झाला तर चॅटवर ते मशीन फक्त सॉरी म्हणतंय, कितीदाही म्हणतंय, कंटाळत नाही.

गावाकडं सोयरीक आली अन् पोरगं काय करतं विचारलं तर ताठ मानेनं सांग, पार्टनर आहे. कुणाचा, असं विचारलं की रेंज गेली म्हण.