फिरणारा, पण न निघणारा नट

होळीच्या दिवशी बहिणीकडे नेत असलेली कटाची आमटी आमच्या गाडीच्या मागच्या सीटवर सांडली आणि या प्रकरणाला तोंड फुटले. डबा घट्ट झाकणाचा होता, सौभाग्यवतींनी तो दोन्ही हातांनी धरलेला होता आणि मी गाडी ताशी वीस किलोमीटरच्या पुढे नेलेली नव्हती. तरीही गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गतिरोधकावरून गाडीचे मागचे अंग उतरले, ते एकदा उतरून थांबले नाही. ते पुन्हा वर गेले, पुन्हा खाली आले, आणि तिसऱ्या हेलकाव्याला झाकणाने हात टेकले. ताशी २५ किलोमीटर वेगासाठी गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, असे रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे, ही माहिती मी त्याच क्षणी मागे वळून दिली. माहिती अचूक होती, परंतु ज्यांच्या मांडीवरून आमटी ओघळत होती त्यांना तिचे मोल कळले नाही.

दुसऱ्या दिवशी मी गाडीची परीक्षा घेतली. डिकीच्या एका कोपऱ्यावर अंगाचा भार टाकून गाडी खाली दाबायची आणि एकदम सोडून द्यायची, एवढीच ती परीक्षा. प्रकृती ठीक असलेली गाडी वर येते, किंचित मान डोलावते आणि थांबते. आमची गाडी भजनात रंगलेल्या वारकऱ्यासारखी डोलत राहिली. खाली वाकून पाहिले, तर मागच्या उजव्या शॉकअपच्या अंगावरून तेल ओघळून त्यावर धूळ बसली होती आणि दोघांचा मिळून काळा लेप झाला होता. शॉकअप, म्हणजेच शॉक ॲब्सॉर्बर, हे नाव मुळात दिशाभूल करणारे आहे. धक्का झेलते ती स्प्रिंग. पण धक्का झेलल्यावर तिला जो नाचण्याचा उत्साह येतो, तो आवरण्याचे काम शॉकअपकडे असते. नळकांड्यातल्या तेलात एक दट्ट्या वर-खाली होतो, तेलाला अगदी बारीक छिद्रांतून वाट काढावी लागते, आणि या खटाटोपात स्प्रिंगचा सगळा उत्साह उष्णता होऊन निघून जातो. माझी ३१ वर्षांची नोकरी सरकारी कार्यालयात झालेली असल्यामुळे ही रचना मला तत्काळ समजली.

कोपऱ्यावरच्या मिस्त्रींनी गाडी न पाहताच निदान केले. “साहेब, शॉकअप जोडीनेच बदलायचे असतात. एक नवा, एक जुना चालत नाही.” हे शास्त्राला धरूनच होते. परंतु पुढे त्यांनी मजुरीचे ८०० रुपये सांगितले आणि माझ्यातला निवृत्त लेखापाल जागा झाला. एका बाजूला खाली एक बोल्ट आणि वर एक नट. दोन्ही बाजू मिळून चार वस्तू. म्हणजे एका वस्तूमागे २०० रुपये पडत होते. एवढ्या दराने तर मी कार्यालयात कधी सहीसुद्धा केली नव्हती. हे काम आपण घरीच करू, असे मी संध्याकाळी जाहीर केले. घरात त्यावर जी शांतता पसरली, तिचा अर्थ मी अनुमती असा घेतला.

नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानातून शॉकअपची जोडी आणली आणि रविवारी जुन्या बाजारातून गोटी पान्यांचा, म्हणजे नटावर टोपीसारख्या बसणाऱ्या पान्यांचा, एक संच घेतला. संचात आठपासून चोवीस मिलिमीटरपर्यंतच्या गोट्या होत्या, फक्त सतराची नव्हती. खालचा बोल्ट सतराचाच आहे, हे पुढे कळायचे होते. नवा शॉकअप मी कौतुकाने दिवाणावर ठेवून उघडला. त्याचा दांडा आत दाबून वर पट्टीने बांधलेला होता. ती पट्टी कशासाठी असेल बरे, असा विचार करतच मी ती कापली, आणि दांडा अतिशय सावकाश, पण कोणालाही न जुमानता बाहेर येऊ लागला. आत गॅस भरलेला असल्यामुळे तो असा वागतो, हे मी आईला समजावून सांगेपर्यंत ती देवघराकडे गेली होती.

पुढच्या रविवारी सकाळी नऊ वाजता सोसायटीच्या पार्किंगमध्ये कामाला आरंभ झाला. पुढच्या चाकांना विटा लावल्या, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली, चाकाचे नट गाडी उचलण्याआधी सैल करून घेतले, मग जॅक लावला, उचललेली गाडी पेलणारी लोखंडी घोडी लावली, चाक काढले आणि तेही खबरदारी म्हणून गाडीच्या पोटाखाली सरकवून ठेवले. दुसरा जॅक ॲक्सलखाली, म्हणजे मागच्या चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्याखाली, हवाच, कारण शॉकअप सुटला की ॲक्सल खाली येतो आणि स्प्रिंग आपली जागा सोडू शकते. तो तळमजल्यावरच्या काकांनी दिला आणि त्याच्यासोबत स्वतःलाही दिले. ते खुर्ची घेऊन आले. त्यांना पाहून सेक्रेटरी आले. अकरा वाजेपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभेला कधी जमली नव्हती एवढी गणपूर्ती पार्किंगमध्ये झाली होती.

खालच्या बोल्टाविषयी फार लिहीत नाही. गंजाने तो बूशमधल्या, म्हणजे शॉकअपच्या खालच्या टोकाच्या रबरी कड्यामधल्या, लोखंडी नळीशी एकजीव झाला होता. मी त्यावर डब्ल्यूडी-४० मारले. या नावातला ४० हा आकडा चाळिसाव्या प्रयत्नात जमलेल्या मिश्रणाचा असून त्याचा जन्म पाणी हटवण्यासाठी झाला आहे, हेही उपस्थितांना सांगितले. काकांनी माझे प्रयत्न मोजायला सुरुवात केली. सेक्रेटरींकडून आणलेला सतराचा रिंग पाना, त्याच्या दांड्यावर चढवलेला नळाच्या पाइपाचा तुकडा आणि त्यावर माझे ७८ किलो वजन, अशा एकत्रित कारवाईने तो सव्वा तासाने कुरकुरत सुटला. काकांच्या मते तो त्रेचाळिसावा प्रयत्न होता.

खरी कथा वरच्या नटाची आहे. डिकीतले कार्पेट उचलले की कोपऱ्यात एक प्लास्टिकचे टोपण दिसते. त्याखाली शॉकअपच्या दांड्याचे टोक आणि त्यावर चौदाचा नट. मी कमरेपर्यंत डिकीत शिरलो, पाना लावला, जोर दिला, आणि नट फिरला. केवढा आनंद झाला! इतक्या सहज फिरणारा नट मी आयुष्यात पाहिला नव्हता. मी दहा फेरे दिले, वीस दिले, तीस दिले. मग चष्मा पुसून पाहिले, तर नट सकाळी होता त्याच उंचीवर होता. नटाबरोबर दांडाही फिरत होता, आणि डोके बाहेर काढून खाली वाकून पाहिले, तेव्हा अख्खा शॉकअपच चाकाच्या पोकळीत गरगरत होता. खालचा बोल्ट आधी काढल्यामुळे त्याला धरून ठेवणारे आता जगात कोणी उरले नव्हते. वरचा नट आधी सैल करायचा आणि मगच खालच्या बोल्टाला हात लावायचा, हा क्रम मला त्या क्षणी स्वतःहून सुचला.

नट फिरतो, पण निघत नाही, हा प्रकार मला नवा नव्हता. माझ्या टेबलावरून कित्येक फायली अशाच वर्षानुवर्षे फिरल्या होत्या, आणि त्या फिरत आहेत यातच त्यांच्या मालकांनी समाधान मानावे, असे मी त्यांना मनापासून सांगत आलो होतो. आज खिडकीच्या पलीकडच्या बाजूला मी उभा होतो. काकांनी सुचवले, “छिन्नीने तोडा.” सेक्रेटरींनी सुचवले, “गॅस कटर आणा, पण आधी सोसायटीला अर्ज द्या.” तिसऱ्या मजल्यावरून कोणीतरी सुचवले की मिस्त्रीला बोलवा, ते मी ऐकले नाही असे दाखवले.

तोडगा काढला तो सकाळपासून एक शब्दही न बोललेल्या वॉचमनने. तो डिकीत डोकावला, दांड्याच्या टोकावरून त्याने अंगठा फिरवला आणि आपल्या सायकलचा चपटा पाना आणून दिला. दांड्याचे टोक दोन बाजूंनी घासून सपाट केलेले होते. ते काही कारखान्यात हौसेने केलेले नसून, धरण्यासाठीच केलेले होते. तेलकट काजळीखाली ते मला तीन तास दिसले नव्हते. आता वरून सायकलच्या पान्याने टोक धरायचे आणि खालून वाकड्या रिंग पान्याने नट फिरवायचा. या कामाला चार हात लागतात आणि डिकीत दोन देह मावतात. “अहो, सरका थोडे,” असे म्हणत सौभाग्यवती शेजारी शिरल्या, त्यांनी पदर खोचला आणि टोक असे धरले की त्या आमटीच्या डब्याची मला आठवण झाली. मी जोर दिला. आधी काहीच झाले नाही. मग “कट्” असा एक कोरडा आवाज आला, पान्याखाली नट एका केसाएवढा उचलला गेला आणि गंजाची तांबूस भुकटी आम्हां दोघांच्या बोटांवर पडली. बाहेरून पाहणाऱ्यांना फक्त चार पाय दिसत होते, असे नंतर समजले. नातवाने त्याचे छायाचित्रही काढून ठेवले आहे.

नवा शॉकअप बसवायला वीस मिनिटे लागली. बसवण्याआधी तो उभा धरून पाच-सहा वेळा दाबून सोडला, म्हणजे तेलात शिरलेली हवा निघून जाते. खालचा बोल्ट मात्र मी गाडी हवेत असताना पूर्ण आवळला नाही. चाके जमिनीवर टेकून गाडी आपल्या नेहमीच्या उंचीवर आल्यावरच तो आवळायचा असतो, नाहीतर बूशचे रबर पिळलेल्या स्थितीतच अडकते आणि लवकर फाटते. दिवसभरात मी योग्य क्रमाने केलेली ही एकमेव गोष्ट होती आणि ती पाहायला कोणीही थांबलेले नव्हते. सगळे जेवायला गेले होते.

संध्याकाळी चाचणी झाली. सौभाग्यवती मागच्या सीटच्या मधोमध बसल्या आणि त्यांनी दोन्ही बाजूंना हात पसरून ताकाचा एकेक पेला धरला. त्याच गतिरोधकावरून गाडी उतरली. उजवा पेला जरासा हिंदकळून स्थिरावला. डाव्या पेल्यातले ताक सीटवर आले. गाडी आता डावीकडे कलल्यासारखी दिसते, असे काका तेव्हापासून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आहेत. गाडीचे वजन शॉकअप नव्हे, तर स्प्रिंग पेलते, त्यामुळे असे कलणे शक्य नाही, हे मी त्यांना दोनदा चित्र काढून पटवले. तरीही ते मान तिरकी करूनच गाडीकडे पाहतात.

डावा शॉकअप दिवाणाखाली पट्टीत बांधलेला पडून आहे. सतराची गोटी मिळाली आहे, सायकलचा पाना वॉचमनने सध्या माझ्याकडेच ठेवला आहे. काल सोसायटीच्या सूचना फलकावर सेक्रेटरींच्या अक्षरात नवी सूचना लागली: येत्या रविवारी सकाळी ठीक नऊ वाजता पार्किंगमध्ये डावी बाजू, सभासदांनी खुर्च्या आपापल्या आणाव्यात, चहाची व्यवस्था गाडीमालकांकडे.